वाफेवरचे काळे तीळ

आमच्या घरी काळे तीळ देवघराच्या खालच्या कप्प्यात असत. दर्भ, जानवी, गोपीचंदनाची कांडी आणि औषधाच्या एका जुन्या बाटलीत काळे तीळ. मिसळणाच्या डब्यात किंवा फडताळात त्यांना जागा नव्हती. संक्रांतीला किलोभर तीळ यायचे ते पांढरे, पॉलिशचे. काळे निघायचे भाद्रपदाच्या वद्य पक्षात, तर्पणाला, पिंडाच्या भातात कालवायला, नाहीतर शनीला वाहायला. ते खायचे नाहीत असं कुणी बजावलेलं आठवत नाही. बजावायची वेळच येत नसे. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची, बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं घालायचं आणि वाटायचे तीळ तेवढे पांढरे, यातली गंमतही कुणाच्या लक्षात आली नव्हती.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं चीनमध्ये, जीनानला राहिलो. ही शांदोंग प्रांताची राजधानी, झऱ्यांचं शहर. भर वस्तीत जमिनीतून पाणी वर येतं आणि लोक कॅन भरून घरी नेतात. तिथल्या सुपरमार्केटात धान्याच्या विभागाला लागून भाजणी-दळणीचा एक कट्टा होता. खणाखणांत काळे तीळ, काळं सोयाबीन, काळा तांदूळ, अक्रोड, वाळवलेली लाल बोरं. आपण बोट दाखवायचं, तिथला माणूस मापून घ्यायचा, दळायचा आणि कोमट पुडी हातात द्यायचा. त्या कट्ट्यासमोर मला पहिल्यांदा कळलं की काळ्या तिळांना वास असतो. तर्पणाचे तीळ कुणी भाजत नाही, त्यामुळे कळायला मार्गच नव्हता. पांढऱ्या तिळांहून हा वास जड, किंचित कडवट, मागे रेंगाळणारा. रांगेत माझ्यापुढे बहुतेक आजी-आजोबा असायचे, नातवंडांसाठी पूड न्यायला आलेले. काही तरुण मुलीही असत, त्या केसांसाठी. काळं अन्न मूत्रपिंडाला बळ देतं आणि केस मूत्रपिंडावर अवलंबून असतात, असा चिनी वैद्यकाचा जुना हिशेब आहे. माझा त्यावर फारसा विश्वास बसला नाही. आमच्या शेजारच्या आजी रोज काळे तीळ खायच्या आणि त्यांचे केस पांढरेशुभ्र होते.

या आजींकडेच मी मांतोउ करायला शिकले. मांतोउ म्हणजे यीस्ट घालून फुगवलेल्या गव्हाच्या पिठाचा, वाफेवर शिजवलेला, आत काही न भरलेला गोळा. आत सारण भरलं की तो बाओझ. आपल्याकडे हॉटेलांत 'बाओ' म्हणून जे मिळतं ते गोडसर, मऊ, कापसाळ असतं. शांदोंगचा मांतोउ तसा नसतो. तो घट्ट, जड, दोन्ही हातांत धरायचा ऐवज. काही दुकानांत फुगलेल्या कणकेत पुन्हा कोरडं पीठ मळून जिरवतात, मग तयार मांतोउचे पापुद्रे सोलून खाता येतात. संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं गल्लीतल्या मांतोउच्या दुकानापुढे थांबायची आणि घरी जाईपर्यंत पिशवीच्या आतून घाम सुटलेला असायचा. सोबत जांगछिउची लांबलचक कांद्याची पात, ती गोडसर सोयाच्या सॉसमध्ये बुडवायची आणि मांतोउचा घास. आपल्याकडे भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि खर्डा घेऊन बसणाऱ्या माणसाला तिथे परकं वाटायचं काही कारण नाही.

चीनचे जेवणाच्या बाबतीत दोन भाग आहेत. छिनलिंग पर्वत आणि हुआइ नदी यांच्या रेषेच्या दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. पण उत्तरेकडे गहू आला तरी तंदूर किंवा भट्टी घरोघरी आली नाही, कारण वाफेची भांडी तिथे आधीपासून होती. गहू पश्चिमेकडून येण्याच्या कितीतरी आधी तिथली माणसं बुडाला भोकं असलेल्या मातीच्या भांड्यात धान्य वाफवत होती. १९७६ साली आनयांगला फू हाओ या शांग राजवटीतल्या राणीची कबर सापडली. तिच्यात काशाचं एक भांडं निघालं, एकाच लांबट चुलाणावर तीन मोदकपात्रं बसवलेली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राणीच्या मुदपाकखान्यात एका जाळावर तीन पदार्थ वाफवले जात होते. म्हणून पीठ हाताशी आल्यावर त्यांनी तेही वाफेवरच ठेवलं. आपल्याकडे पीठ आलं ते तव्यावर गेलं.

फुगलेल्या मांतोउची सगळ्यात आवडती गोष्ट मला एका खादाड अधिकाऱ्यामुळे कळली. तिसऱ्या शतकात, जिन राजवटीत, हे त्सेंग नावाचा एक बडा सरदार होता. रोजच्या जेवणावर दहा हजार नाणी उधळूनही 'चॉपस्टिक कुठे टेकवावी असं काही पानात नाही' म्हणून कुरकुरणारा. त्याच्याबद्दल इतिहासात अशीही नोंद आहे की वाफवलेल्या पोळीच्या माथ्यावर अधिकाच्या चिन्हासारखी चीर पडली नसेल तर तो तिला हात लावत नसे. चीर पडते ती पीठ नीट आंबलं आणि वाफ जोरकस मिळाली तर. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी हे तंत्र इतकं पक्कं झालं होतं की खाणाऱ्याने नखरे करावेत. मांतोउ चुग लियांग या तिसऱ्या शतकातल्या प्रसिद्ध सेनापतीने शोधला, अशीही एक लोकप्रिय दंतकथा आहे. नदीला माणसांच्या शिरांचा बळी द्यायचा होता, त्याऐवजी त्याने पिठाची शिरं करून वाहिली म्हणे. चुग लियांग मूळचा शांदोंगचाच, त्यामुळे जीनानचे लोक ही कथा घरच्यासारखी सांगतात. मला त्या सरदाराची नोंद जास्त पटते. नखरेल माणसाच्या तक्रारीतून खरी माहिती मिळते.

आजींच्या लहानपणी मात्र नखऱ्यांना जागा नव्हती. मक्याच्या पिठाचे पिवळे, आतून पोकळ वोतोउ, नाहीतर रताळ्याच्या वाळवलेल्या काचऱ्या, हे रोजचं जेवण. पांढरा मांतोउ नववर्षाला. धान्याची कुपनं १९५५ पासून सुरू झाली ती १९९३ ला संपली. त्या काळात महिन्याच्या वाट्यात बारीक धान्य किती आणि भरड किती हे ठरलेलं असायचं. पांढरं पीठ बारीक धान्यात मोडायचं. त्यामुळे आजींच्या मनात पौष्टिक म्हणजे पांढरं. त्यांची सून जांभळ्या रताळ्याचे, भोपळ्याचे, मक्याचे, काळ्या तिळांचे मांतोउ शहरातल्या महागड्या दुकानातून आणायची, आणि आजी ते उलटसुलट करून बघत म्हणायच्या, "ज्याच्यापासून सुटका करून घ्यायला आम्ही आयुष्य घालवलं, ते तुम्ही दुप्पट पैसे देऊन आणता." मला माझी आजी आठवायची. तिची पिढी ज्वारीच्या भाकरीवर वाढली, १९७२ च्या दुष्काळात मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीवर तगली, आणि पोळी रोज ताटात यायला लागली तेव्हा तिला वाटलं, आता बरे दिवस आले. आज तिच्या नातसुना डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भाकरी शिकताहेत.

तरी काळ्या तिळांना आजींचा विरोध नव्हता. मक्याने आणि रताळ्याने पोट भरायचं, तीळ मात्र कधीच पोट भरण्यासाठी नव्हते. ते औषधाच्या आणि लाडाच्या मधले. बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना, अभ्यास करणाऱ्या पोरांना. हिवाळ्यात त्यांच्याकडे तिळाची पूड, साखर आणि उकळतं पाणी घालून केलेली दाट पेज असायची, आणि लँटर्न फेस्टिवलला तिळाचं काळं सारण भरलेल्या चिकट तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या. त्या सारणात बहुतेकदा डुकराची चरबी असते, शाकाहारी मंडळींनी विचारून खावं.

आता पौष्टिकपणाचा हिशेब. शंभर ग्रॅम अख्ख्या तिळांत सुमारे ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२०. यावरून 'दुधाच्या आठपट कॅल्शियम' असे मेसेज आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतात. पण शंभर ग्रॅम तीळ एका बैठकीत कोण खातं? त्यात ५७० उष्मांक आणि जवळजवळ पन्नास ग्रॅम तेल आहे. मी करते त्या मापात तिळाच्या एका मांतोउत, म्हणजे बनात, साडेचार ग्रॅम तीळ येतात, म्हणजे कॅल्शियम ४४ मिलिग्रॅम. त्यातलंही बरंचसं सालात, ऑक्झलेटला बांधलेलं, शरीराला सहजी न मिळणारं. पेलाभर दुधाशी याची बरोबरी नाही, आणि नाचणीच्या एका भाकरीशी तर नाहीच नाही. ज्यांना कॅल्शियमसाठीच काही करायचं आहे त्यांनी गुमान नाचणीची भाकरी खावी.

मग तीळ कशाला? तर इतर बऱ्याच गोष्टींसाठी. लोह थोडं का होईना येतं, बनामागे साधारण पाऊण मिलिग्रॅमच्या आतबाहेर. चोथा येतो. चांगलं तेल येतं, आणि त्या तेलामुळे एका बनावर पोट टिकतं, तासाभरात बिस्किटांच्या पुड्याकडे हात जात नाही. सगळ्यात महत्त्वाचं प्रथिनांचं. गव्हात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी, तिळातही कमी, पण तिळात मेथिओनिन हा दुसरा घटक भरपूर. सोयाबीनमध्ये आणि आपल्या कडधान्यांत नेमकं उलट, लायसिन भरपूर आणि मेथिओनिन बेताचं. जीनानमध्ये सकाळी मांतोउबरोबर वाटीभर गरम सोयाचं दूध घेतात तेव्हा ही जोडी आपसूक जमते. पुण्यात मी तिळाच्या बनाबरोबर मटकीची उसळ करते, वर लिंबू पिळते, म्हणजे लोहही जरा बरं पचनी पडतं. एकटा बन पौष्टिक नाही. शेजारी काय ठेवलंय त्यावर तो पौष्टिक ठरतो. (तिळाची ॲलर्जी काहींना खरोखर जोरात असते. मुलांना पहिल्यांदा देताना अगदी थोडं द्यावं.)

आणि तीळ दळलेलेच हवेत. बनावर सजावटीला भुरभुरलेले अख्खे तीळ दिसायला छान, पण ते न चावता गिळले जातात आणि सालासकट जसे गेले तसे बाहेर पडतात. भाजणं आणि दळणं, काळ्या तिळांचं सगळं काम या दोन पायऱ्यांत आहे, म्हणून त्यांच्यावर जरा रेंगाळते.

आधी निवडणं. बाजारात 'काळे तीळ द्या' म्हटलं की काही दुकानदार कारळे काढतात. कारळे, म्हणजे खुरासणी, चटणीला उत्तम, पण ते सूर्यफुलाच्या कुळातलं वेगळंच बी, लांबट आणि चकचकीत. तीळ थेंबाच्या आकाराचे, चपटे आणि निस्तेज काळे. पूजेच्या साहित्याच्या दुकानातले तीळ खायला घेऊ नका, ते खाण्याच्या हिशेबाने साफ केलेले नसतात. चीनमध्ये जुने पांढरे तीळ रंगवून काळे म्हणून विकल्याचे प्रकार झाले, तेव्हापासून आजी एक तीळ दातांनी फोडून आत बघायच्या. खरा काळा तीळ आतून पांढराच असतो, काळं फक्त साल. रंगवलेल्याचा रंग आतपर्यंत उतरतो. धुताना पाणी थोडं जांभळट होणं साहजिक आहे, शाईसारखं काळंभोर झालं तर परत करावेत. धुवायचे ते मोठ्या पातेल्यात, हाताने ढवळून वरचे वर गाळणीने उपसून. तळाला जी चिमूटभर रेती उरते ती बघितली की बाकीचं आयुष्य आपण न धुता काय काय खाल्लं असेल याचा विचार येतो.

भाजताना खरी अडचण अशी की काळं काळंच राहतं. पांढरे तीळ बदामी झाले की उतरवायचे, यांचं काय? आजी कढईत काळ्या तिळांबरोबर चमचाभर पांढरे तीळ टाकायच्या. ते पांढरे बदामी झाले की काळेही झाले. इतकी सोपी आणि इतकी हुशार गोष्ट मी स्वयंपाकघरात क्वचित पाहिली आहे. शिवाय कान द्यायचा. आधी ओल्या तिळांची सरसर, मग शांतता, मग तडतड. तडतड जोरात सुरू झाली की गॅस बंद करून लगेच ताटात पसरायचे, कारण तापलेली कढई त्यांना पुढे भाजत राहते आणि काळ्या तिळांचा कडवटपणा शेवटच्या अर्ध्या मिनिटात येतो. दोन बोटांत तीळ चिरडला की भुगा व्हायला हवा. लवचिक वाटला तर कच्चा आहे.

पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने फिरवायचे. सलग फिरवले की तेल सुटून लगदा होतो. दळताना त्याच मापातलं दोन चमचे पीठ सोबत घातलं तर ते तेल धरून ठेवतं आणि पूड मोकळी येते. पूड फार करून ठेवू नये, आठवड्यात खवट वास धरते. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत जरा जास्त टिकते.

कणकेचं माप मी पुण्यात आल्यावर बदललं. तिथलं मांतोउचं पीठ मध्यम प्रथिनांचं, बारीक, पांढरं. आपली चक्कीची कणीक जात्यात जास्त रगडली जाते, तिच्यातला स्टार्च फुटलेला असतो, ती पाणी खूप पिते आणि मग वाफेवर बन चिकट, गच्च होतो. नुसत्या कणकेचा बन पौष्टिक असेल, पण घरातलं कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. म्हणून दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम कणीक, पंचेचाळीस ग्रॅम तिळाची पूड, सपाट छोटा चमचाभर इन्स्टंट यीस्ट, पंचवीस ग्रॅम गूळ आणि साधारण १७० मिलिलिटर कोमट पाणी. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. चिमूटभर मीठ. यात दहा बन होतात. मैदा नकोच म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी थालीपीठ लावावं, ते तव्यावर छान होतं आणि त्याला फुगावं लागत नाही.

मळण्याबाबत चिनी बायकांची कसोटी अशी की शेवटी तीन गोष्टी लख्ख दिसल्या पाहिजेत: हात, परात आणि गोळा. कुठेही पीठ चिकटलेलं नाही, गोळ्यावर सुरकुती नाही. तिळाच्या कणकेला तिथवर पोचायला जास्त वेळ लागतो, कारण तिळाचं तेल पिठाच्या तंतूंना एकमेकांना धरू देत नाही. दहा-बारा मिनिटं मळावं, पाच मिनिटं झाकून ठेवावं, पुन्हा मळावं. दुसऱ्या खेपेला तो एकदम शहाण्यासारखा वागतो. रंगाची अपेक्षा मात्र आधीच खाली आणून ठेवा. काळ्या तिळांची कणीक काळी होत नाही, ती कालवलेल्या सिमेंटसारखी राखाडी होते, आणि माझ्या मुलीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरात कुठे दुरुस्ती चालू आहे का असं विचारलं होतं.

आजींच्या तरुणपणी यीस्टची पाकिटं नव्हती. कालच्या कणकेचा एक गोळा राखून ठेवायचा, त्यानेच आजची आंबवायची आणि आंबटपणा मारायला अल्कली, म्हणजे खायच्या सोड्याहून जहाल असा सोडियम कार्बोनेट, घालायचा. तो किती घालायचा याला माप नव्हतं. मळलेल्या गोळ्यावर तळहाताने थाप मारून कानाने ठरवायचं. भरीव, टणटणीत आवाज आला की बरोबर. पोकळ फुसका आला की आंबट उरलंय. अल्कली जास्त झाली की मांतोउ पिवळे पडायचे आणि सगळ्या वाड्याला कळायचं. १९८६ साली हुपे प्रांतात यीछांगला 'एंजल' यीस्टचा कारखाना उभा राहिला आणि हळूहळू घराघरांतून हे कानाचं काम संपलं. आजी यीस्टच वापरायच्या, त्यांना जुन्या दिवसांचं अजिबात कौतुक नव्हतं. पण सवयीने थाप मारायच्याच. मीही मारते. मला त्यातून काही कळत नाही, हाताला बरं वाटतं.

जीनानमध्ये १५ नोव्हेंबरला सरकारी हीटिंग सुरू व्हायचं, १५ मार्चपर्यंत. त्या चार महिन्यांत प्रत्येक घरात रेडिएटरला टेकून ओल्या फडक्याने झाकलेलं एक पातेलं दिसायचं. पुण्यात मे महिन्यात कणीक अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होते, डिसेंबरात दीड तास धरा. फुगलेल्या कणकेत पिठाचं बोट खुपसलं आणि खळगा तसाच राहिला की झालं. मग तिला पुन्हा मळून सगळी हवा काढायची. सुरीने गोळा कापून बघावा, कापलेल्या बाजूला मोठी भोकं दिसली तर अजून मळा, नाहीतर बनाच्या पाठीवर देवीचे वण येतात. कणकेचा लांब दंडगोल वळून सुरीने तुकडे पाडले की चौकोनी घरगुती मांतोउ. गोल हवे असतील तर लाडवासारखे हातावर वळून घ्यायचे.

वळलेले बन पुन्हा अर्धा तास झाकून ठेवायचे. इथे दुप्पट होण्याची वाट बघायची नाही, दीडपट पुरे. हातात उचलला तर वजन कमी झाल्यासारखं वाटतं, हीच खूण. खाली काय घालायचं? आजी मक्याच्या कणसाची वाळवलेली सालं भिजवून घालायच्या, नाहीतर कोबीची पानं. माझ्याकडे मोदकपात्र आहे आणि केळीचं पान मिळतं. हळदीचं पान घालू नका, मोदकाला ते स्वर्गीय, पण तिळाच्या वासाशी भांडतं. बांबूची पाटी वाफेचं पाणी शोषून घेते, आपल्या स्टीलच्या झाकणावरून ते टपटपतं आणि बनावर ओले डाग पडतात. झाकणाला पंचा बांधला की प्रश्न मिटला. आपल्या आज्या ढोकळ्याला हेच करायच्या.

गार पाण्यावरच पात्र ठेवून मध्यम आच द्यायची. वाफ दिसू लागल्यापासून पंधरा मिनिटं. मग गॅस बंद, आणि पाच मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. गरम वाफेने ताणलेला बन एकदम थंड हवेत आला की आतली वाफ आकसते आणि त्याची साल सुरकुतून बसते. पाच मिनिटांनी झाकण बोटभर तिरकं करायचं, मग काढायचं. गरम बन मधोमध तोडला की आत राखाडी, ओलसर जाळी, मधूनच एखादा काळा कण, आणि तो भाजल्या तिळाचा वास, जो कणकेत मुळीच नव्हता आणि वाफेने परत आणला.

इकडे परतल्यावर पहिल्यांदा हे केले तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली होती. पुडीतले तीळ बघून ती थबकली.

"अगं, काळे तीळ? ते तर्पणाचे ना?"

"खायचे आहेत, आई. पावात घातलेत."

"पितरांचं आपण खायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, कारण ते मी जीनानमध्ये पाहिलं होतं. नववर्षाच्या आधी आजींच्या घरी पूर्वजांच्या तसबिरीपुढे मांतोउ मांडले जायचे. मोठे, पांढरेशुभ्र, पाच-पाचची चळत: खाली तीन, त्यांवर एक उलटा, त्याच्यावर एक सुलटा. त्यांच्यात तीळ नसत. पितरांना मांतोउ आणि पोराबाळांना तीळ, अशी त्यांची वाटणी. आमच्याकडे नेमकी उलट वाटणी झालेली. त्यांचा सण झाला की तेच मांतोउ उतरवून घरची मंडळी वाफवून खायची, वाडवडिलांच्या पुढ्यातलं आहे म्हणून अधिकच आवडीने. हे सगळं मी आईला सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की तीळ मुळात आपल्याकडचा, हडप्पाच्या उत्खननात जळालेल्या तिळांचा गोळा निघाला आहे. तो इथून जगभर गेला आणि जाईल तिथल्या लोकांनी खाल्ला. गुजरातेत आजही थंडीत काळ्या तिळांचं कचरियुं खातात. आपण सोडून बाकी सगळे.

आईने सगळं ऐकून घेतलं. हडप्पाचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. पण पितरांपुढचे मांतोउ पोरं खातात, हे तिला पटलं. "म्हणजे प्रसादच की," ती म्हणाली, आणि बन तोडून तिने त्यावर सढळ हाताने तूप सोडलं.

तूप छानच लागतं. उरलेले बन दुसऱ्या दिवशी कडक होतात, ते तसेच गोठवून ठेवावेत आणि थेट फ्रीझरमधून दहा मिनिटं वाफवावेत, ताज्यासारखे होतात. मायक्रोवेव्हमध्ये ते चामड्याचे होतात. आजी शिळ्या मांतोउचे काप अंड्यात बुडवून तव्यावर परतायच्या. आईने त्याचं जे केलं ते मात्र त्यांनी कधी पाहिलं नसेल: चुरा, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. राखाडी चुऱ्याला हळदीमुळे जो रंग येतो तो पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखा नाही. चव अशी की मी हल्ली चार बन मुद्दाम जास्तीचे करते.

पक्षाच्या पंधरवड्यात मात्र आई ते करू देत नाही. "तेवढे पंधरा दिवस त्यांना राहू दे, मग तुझं चालू दे," म्हणते. तेव्हा मी पांढऱ्या तिळांचे करते. ते उजळ होतात, मुलीला दिसायला जास्त आवडतात, आणि चवीला काळ्यांच्या जवळपासही येत नाहीत.